रिकामा हौदा

जुन्नर तालुक्यात दारात कार उभी राहिली की लोक मालकाकडं बघतात. दारात पिकअप उभी राहिली की लोक हौद्याकडं बघतात. कारवाल्याला विचारतात, ‘केवढ्याला पडली?’ पिकअपवाल्याला विचारतात, ‘उद्या कुठं चाललीय?’ जुनी डिझेल पिकअप घ्यावी की नाही या प्रश्नावर आमच्या घरात जी खलबतं झाली, त्यांत इंजिनापासून आरटीओपर्यंत सगळं निघालं. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार मात्र फक्त एका माणसानं केला, आणि त्या माणसाला गाडीतलं काही कळत नाही असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

विषय निघाला टोमॅटोवरून. आमच्याकडं सगळेच विषय टोमॅटोवरून निघतात. २०२३ च्या मे महिन्यात भाव इतका पडला होता की ठिकठिकाणी लोकांनी माल रस्त्याकडेला ओतला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढं भाव निघाला. भाव आपल्या हातात नाही, पाऊस आपल्या हातात नाही, निदान गाडी तरी आपली असावी, हे तेव्हापासून दादाच्या डोक्यात बसलं. त्याचंही खरं होतं. हंगामात पिकअपवाल्याला फोन लागत नाही. लागला तर तो उचलत नाही. उचलला तर ‘निघालोच’ म्हणतो. आणि निघालाच तर वाटेत शेजाऱ्याचा माल भरून, आपल्या बांधावर हॉर्न वाजवून पुढं जातो.

नवी पिकअप दहा लाखांच्या आसपास. तेवढे पैसे एकरकमी फक्त त्या जुलैत दिसले होते, तेही दुसऱ्यांकडं. छोटा हत्ती स्वस्त, पण दादाच्या मते तो नावापुरताच हत्ती. सीएनजीचं नाव काढलं तर पंपावरची रांग डोळ्यांपुढं यायची. रांगेतच टोमॅटो पिकून जायचा. उरली जुनी डिझेल पिकअप.

जुनी गाडी घ्यायचीय हे आपण फक्त घरात बोलतो, पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलं की डेअरीवर सल्ला मिळतो. सल्लागारांचे तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, ‘जुनी घेऊच नका, दुसऱ्याचं दुखणं विकत कशाला घेता?’ या माणसानं स्वतः कधीच कुठली गाडी घेतलेली नसते. दुसरा म्हणतो, ‘घ्यायची तर नवी घ्या’. हा आपल्या हप्त्यांना जोडीदार शोधत असतो. तिसरा आवाज खाली आणून म्हणतो, ‘माझ्या बघण्यात एक हाय. एकहाती. कुणाला बोलू नका.’ तिसरा खरा धोकादायक. त्यानं हे ज्याला ज्याला सांगितलेलं असतं ते सगळे त्याच गाडीपाशी भेटतात, आणि गाडी एवढी मागणीत आहे हे बघून आपणच भाव चढवून येतो.

पुढं काही आठवडे आम्ही आळेफाट्यापासून ओतूरपर्यंत गाड्या बघत हिंडलो. त्यातून एक गोष्ट मला शास्त्रासारखी कळली. या तालुक्यात विकायला निघालेल्या पिकअपनी आयुष्यभर फक्त फुलं वाहिलेली आहेत. झेंडू, शेवंती, क्वचित गुलछडी. फारच जड काम म्हणजे एखाद्या दसऱ्याला आपट्याची पानं. वाळू, वीट, खडी, सिमेंट हा माल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कसा जातो, हे कोडंच आहे. कारण तो वाहिलेली एकही गाडी आम्हाला बघायला मिळाली नाही.

शेवटी एक पांढरी पिकअप दादाच्या मनात भरली. मालक धोतर-टोपीतला, बोलायला मऊ. मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर. दादा खूश झाला. आमच्या मिस्त्रींनी मात्र दार उघडून आधी खाली पायांकडं पाहिलं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं. मिस्त्री म्हणाले, ‘गुरुजी, मीटर मागं जातं. पेडल मागं जात नाय.’

या मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. ते गाडी बघायचे पैसे घेत नाहीत, फक्त चहा घेतात, आणि चहा संपेपर्यंत बोलत नाहीत. त्या मौनानंच मालकाचे पाच-दहा हजार उतरतात. त्या दिवशी त्यांनी काहीही न विचारता बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होतं.

‘सकाळच्या पारी कुठं जाऊन आला?’

‘लेण्याद्रीला. म्हटलं, गाडी द्यायची तर देवाच्या पायावर घालून द्यावी.’

‘चांगलं केलं. आता गार हू द्या. आमाला घाई नाय.’

डिझेल इंजिनाचं खरं वय सकाळी गार असताना कळतं. पेट्रोलला स्पार्कप्लगची ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नाही. आत कोंडलेली हवा सोळा-वीस पट दाबली की ती एवढी तापते की वरून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा निसटते, दाब कमी पडतो आणि गार इंजिन नुसतंच खोकत बसतं. दादाच्या रागाचं यंत्रही असंच आहे. वरून काडी लावावी लागत नाही, नुसतं दाबत गेलं की पुरतं. म्हणूनच बहुतेक त्याला पहिल्यापासून डिझेल आवडतं.

इंजिन गार होईस्तोवर वेळ होता, म्हणून मी मंडळींना रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. शिक्षकाला मोकळा वेळ आणि बसलेली माणसं एकत्र मिळाली की तो थांबत नाही. १८९७ साली त्यानं आपलं इंजिन चालवून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात या जातीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. ‘शेंगतेल?’ मालक दचकला. ‘मंग डिझेलच परवडलं.’ पुढं १९१३ च्या सप्टेंबरात, बेल्जियमहून इंग्लंडला जाताना, हा माणूस रात्री बोटीवरून नाहीसा झाला. आत्महत्या की घातपात, यावर अजून वाद आहे. मिस्त्रींनी बिडी विझवली आणि म्हणाले, ‘नोझलचं काम निघालं आसंल.’

मग इंजिन चालू झालं. दुसऱ्या झटक्याला, हे नमूद करायला हवं. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. तिथून काही किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडं कान लावून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी ऐकतात. इकडं मिस्त्री तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ऐकत होते. एकाग्रता तीच, खर्चात फरक. अशा दुर्बिणींना गाड्यांच्या स्पार्कप्लगचा उपद्रव होतो. अमेरिकेत ग्रीन बँकेच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेलच्या गाड्या वापरतात. ही माहिती मी सहज बोलून गेलो. मालकानं ती जागच्या जागी कामाला लावली. ‘बघा, सायंटिस्ट लोकबी डिझेलच घेत्यात. आन् ते काय टमाटे न्यायला घेत नसत्याल.’

धुराचं शास्त्र निराळं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा थंडीत क्षणभर निघाला तर चालतो, थांबलाच नाही तर काळजी. ही गाडी ॲक्सिलरेटर दाबला की थोडा काळा सोडायची. मालकाच्या मते ती ताकद होती. मिस्त्रींच्या मते तो एअर फिल्टर होता. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं. रिंगा गेल्या असतील तर इथून भपकारे येतात. थोडी वाफ आली. मिस्त्री म्हणाले, ‘एवढी चालती. वय झाल्यावर कुणाचीबी येती.’

शेवटी ते गाडीखाली गेले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, ‘पाटं किती हायेत याला?’

‘कंपनीचंच हायेत.’

‘मागं एक जादा दिसतोय.’

मालक गप्प झाला. मागच्या चाकावर जादा पाटा घालायचा तो फक्त जादा ओझ्यासाठी.

‘फुलांना जादा पाटा कशाला लागतो?’ दादानं विचारलं.

‘शेवंती ओली आसली की लई जड लागती,’ मालक म्हणाला.

मिस्त्रींनी केबिनमधलं रबरी मॅट उचललं. खाली मूठभर वाळू निघाली. कुणी काही बोललं नाही. वाळूकडं बघत दादानं मनातल्या मनात वीस हजार कमी केले. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते.

मिस्त्रींचा निकाल असा: क्लचप्लेट करावी लागेल, पुढचे टायर आतल्या बाजूनं खाल्लेत, बुश बदलायचे, पण चासी सरळ आहे, कुठं वेल्डिंग नाही आणि इंजिनात जीव आहे. शिवाय गाडी बीएस ४ ची. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. त्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी धरणारी गाळणी आणि पावलोपावली सेन्सर, म्हणून मिस्त्रींना त्या आवडत नाहीत. ‘हिला पाना लागतो, तिला लॅपटॉप. माजा लॅपटॉप पोराकडं आस्तो.’ हवेच्या दृष्टीनं बीएस ६ चांगलं, हे मी सांगून पाहिलं. मिस्त्रींनी हवेबद्दल तक्रार केली नाही.

यंत्र झालं, आता कागद. हे खातं माझ्याकडं. कागद बघणं फार सोपं झालंय असं म्हणतात. ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, फिटनेस कधी संपतं, विमा आहे का, चलनं किती, सगळं समोर येतं. मालक जे विसरतो ते सरकारला आठवतं. ‘एकहाती’ गाडीला तीन मालक निघाले. मालक म्हणाला, ‘तिघंबी घरातलेच.’ भाडं मारायची म्हणजे पिवळी पाटी, आणि पिवळी पाटी म्हणजे फिटनेस. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी करायचं, आठ झाली की दरवर्षी. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मालगाडीवर संशय आठव्या वर्षीच सुरू होतो. त्यातल्या त्यात आपली बरी. दिल्लीत २०१५ साली हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. तिकडच्या गाड्या मग देशभर स्थळं शोधत निघाल्या. अशी एक दिल्ली पासिंगची पिकअप आम्हालाही निम्म्या भावात सांगून आली होती. पण तिचं ना-हरकत पत्र, इकडचा कर आणि नवी नोंदणी एवढं सगळं धरलं तेव्हा ती आपली पूर्ण भावाची झाली.

आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. सातबारा बघायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मालक म्हणाला, कर्ज कधीच फिटलंय. फिटलं असेलही, पण बोजा तोंडानं उतरत नाही, त्याला बँकेचं पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म लागतो. मालकी बदलायला एकोणतीस आणि तीस. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकानं अपघात न करता जमवलेली विम्याची सवलत मात्र गाडीबरोबर येत नाही. ज्याचं पुण्य त्याच्याबरोबर जातं. या सगळ्यात दादाला एकच बातमी आवडली. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे दादाचं आहे तेच लायसन चालणार होतं. घटनापीठ खास आपल्यासाठी बसलं होतं, अशी त्याची अजून समजूत आहे.

मग हिशेब. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आकडे मांडले. डिझेल नव्वदीच्या घरात. ॲव्हरेज मालक सांगतो पंधरा, ड्रायव्हर सांगतो अकरा, आणि पंपवाला काही सांगत नाही, फक्त हसतो. विमा, फिटनेस, टायर, क्लचप्लेट. मग माल. सतराशे किलो वहनक्षमता म्हणजे वीस किलोचे पंच्याऐंशी क्रेट. क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहून कमी. दादानं पत्रिका ओढून घेतली आणि पंच्याऐंशी खोडून एकशेचाळीस केले.

‘कायद्यानं पंच्याऐंशीसुद्धा बसत नाहीत.’

‘कायद्यानं बसत नसतील. हौद्यात बसतात. जादा पाटा कशाला दिलाय त्यानं?’

पंच्याऐंशी क्रेटच्या हिशेबानं गाडी तोट्यात जात होती, एकशेचाळीसच्या हिशेबानं फायद्यात. तोट्याची बाजू कायदेशीर होती. चर्चा इथं अडली तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

‘टोमॅटो संपल्यावर ती काय करणार?’

‘उभी राहील,’ दादा म्हणाला.

‘तुम्ही उभी राहू द्याल. गाव देईल का?’

वहिनींना गाडीतलं कळत नाही, पण गावातलं कळतं. त्यांनी बोटं मोडत वर्ष मांडलं. दिवाळीनंतर लग्नसराई: मंडपाचे बांबू, आचाऱ्याची पातेली, रुखवतातलं कपाट. उन्हाळ्यात कडबा. नारायणगावात तमाशाच्या सुपाऱ्या ठरू लागल्या की गावोगावच्या यात्रा, आणि यात्रेला जेवणाची भांडी. पावसाळ्याआधी कुणाचे पत्रे, भाद्रपदात गणपती येताना आणि जाताना, मधे कुणाची अडलेली म्हैस. यातलं एकही काम भाडं मागण्यासारखं नाही. गणपतीचं भाडं मागता येत नाही, म्हशीचं मागवत नाही, आणि मेहुण्याच्या कपाटाचं मागितलं तर माहेर तुटतं.

‘आणि माणसं?’ वहिनी म्हणाल्या. ‘जागरणाला निघालेल्या आत्याबाई हौद्यात बसल्या तर?’

मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर विमा त्यांना धरत नाही, हे मी सांगितलं. आत्याबाईंना हे कोण सांगणार, हे मात्र मला सांगता आलं नाही. दादाकडं पाहिलं. तो तुळशीकडं बघत होता. खरी अडचण अशी की दादाला ‘नाही’ म्हणता येत नाही. आम्ही इतके दिवस गाडीचा क्लच, गाडीचा दाब, गाडीचा ब्रेक तपासत होतो. ब्रेक तपासायचा तो घेणाऱ्याचा, हे आमच्या मिस्त्रींनाही सुचलं नव्हतं.

पुरावाही लगेच आला. आम्ही इसारसुद्धा दिलेला नव्हता, तरी संध्याकाळी चुलत्यांचा निरोप आला की एकादशीनंतर गाडी मोकळी ठेवा. पाठोपाठ मंडळाच्या पोरांनी विसर्जनाचं पक्कं केलं. एकजण तर रागावूनच गेला; त्याच्या आधी दुसऱ्याला शब्द दिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या मालकाकडं गेलो. जुन्या गाडीच्या व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, तो वहिनींनी विचारला. त्या मुद्दाम बरोबर आल्या होत्या.

‘गाडी एवढी चांगली आहे तर विकता का?’

मालकानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, ‘खरं सांगू का ताई? फुलांचं खोटं बोललो. वाळू वाहिली, खडी वाहिली, त्याचं पैसं आलं, गाडीला काय झालं नाय. पर आमचं गाव लई मोठं हाय हो. आन् त्यात निम्मं भावकी.’

सगळ्या व्यवहारातलं हे पहिलं खरं वाक्य. ते ऐकून मिस्त्रींनी चहा अर्धा ठेवून मान डोलावली, आणि वहिनी म्हणाल्या, ‘घ्या.’ दादाला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. पण वहिनींच्या अटी होत्या. गाडी दादाच्या नावावर, चावी दादाकडं, मात्र गाडीच्या भाड्याचा फोन वहिनींकडं. क्रेट कागदावर बसतील तेवढेच भरायचे. उरलेल्यांसाठी दुसरी खेप मारायची. तोट्याचं काय, असं दादानं विचारलं. वहिनींनी सांगितलं की भाडं वेळच्या वेळी घेतलं तर तोटा होत नाही, हे या तालुक्यात अजून कुणी करूनच पाहिलेलं नाही.

इसार दिला, बोजा उतरला, फॉर्म गेले, क्लचप्लेट पडली. पेंटर आला तेव्हा मागच्या फाळक्यावर काय लिहायचं यावर थोडा वेळ गेला. दादाच्या मनात कुलदैवत होतं. पेंटरकडं तयार वचनांची वही होती, तिच्यात आईवडिलांची पुण्याई सर्वांत स्वस्त. कुलदैवत काचेवर गेलं. फाळक्यावर वहिनींनी लिहून घेतलं: ‘भाडे आगाऊ.’ अक्षरं ठळक, पिवळी, लांबून वाचता येतील अशी.

त्याचा परिणाम झाला. चुलत्यांनी फाळका वाचला आणि एकादशीचा बेत द्वादशीवर, मग पौर्णिमेवर ढकलला. विसर्जनाची पोरं वर्गणी वाढवायची म्हणून निघून गेली. पहिलं भाडं अखेर घरातूनच मिळालं. मला नारायणगावच्या खोलीवर एक लोखंडी कपाट न्यायचं होतं, आणि घरचीच गाडी म्हणून मी ते न विचारता हौद्यात चढवलं होतं. वहिनींनी फाळका लावायच्या आधी हात पुढं केला. मी पैसे दिले. सख्खा दीर म्हणून मला खास सवलत मिळाली: पावती.